कैरोत वेळ फुकट गेला का? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. माझ्या इजिप्तच्या सहलीवरच्या लेखाला तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून तिथल्या तिथे दोन ओळींत उरकण्यापेक्षा इथेच लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर काकांचं म्हणणं असं: पिरॅमिडसाठी एवढे पैसे मोजून इजिप्तला गेलीस आणि निम्मी सहल कैरोच्या गर्दीत, हॉर्न ऐकत गल्ल्या तुडवण्यात घालवलीस. तेवढ्या वेळात प्राचीन मंदिरांचं लक्झर उरकलं असतं. वर, "घराशेजारचा किल्ला तरी नीट पाहिलायस का?"

आधी आपला ग्वाल्हेरचा किल्ला. पाहिलाय हो! चतुर्भुज मंदिरातला 876 सालचा शिलालेखसुद्धा, ज्यात बागेची लांबी 270 हात लिहिताना शून्य कोरलंय. घरी पाहुणे आले की त्यांना वर न्यायची ड्यूटी माझीच असते. गंमत म्हणजे त्याच सुमारास तिकडे इब्न तुलुनच्या मशिदीचं काम सुरू झालं होतं, आणि ती आजही कैरोत उभी आहे.

आता मुख्य मुद्दा. पिरॅमिड म्हणजे बघायची गोष्ट आणि कैरो म्हणजे मधली कटकट, अशी तुमची वाटणी आहे. मला ती पटत नाही, कारण पिरॅमिडचा बराच दगड कैरोतच आहे. खुफू राजाचा, म्हणजे सगळ्यात मोठा पिरॅमिड आज पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, पण मुळात त्यावर घोटून गुळगुळीत केलेल्या पांढऱ्या चुनखडीचं आवरण होतं. उंची 146 मीटरच्या वर होती, आता 138 च्या आसपास उरलीय. आवरणाचा दगड नाईलच्या पूर्व काठावरच्या तुराच्या खाणींतला. तो नावेतून गिझाला, म्हणजे पिरॅमिडांच्या जागी, कसा पोचवला, याची मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी सापडली. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा पपायरस, त्यात कोणत्या दिवशी दगड भरले आणि कोणत्या दिवशी पोचलो याची नोंद!

मग मध्ययुगात उलटा प्रवास सुरू झाला. सुलतान सलाउद्दिनने 1176 मध्ये कैरोचा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा त्याच्या काराकुश नावाच्या अधिकाऱ्याने गिझातले छोटे पिरॅमिड फोडून दगड आणला. 1303 च्या भूकंपात मोठ्या पिरॅमिडांचं आवरण खिळखिळं झालं, तेही लोकांनी बांधकामांना नेलं. शेजारच्या खाफ्रे राजाच्या पिरॅमिडच्या टोकावर तेवढी त्या आवरणाची टोपी शिल्लक आहे. म्हणजे नदी ओलांडून गेलेला दगड साडेतीन हजारांहून जास्त वर्षांनी पुन्हा नदी ओलांडून आला आणि शहराच्या भिंतींत बसला. हे सगळं सोडून नुसतं गिझात फोटो काढून परत यायचं?

जुन्या कैरोत गमालियाच्या रस्त्यावर बैबर्स अल-जाशनकीरची खानकाह आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा सूफी मठ. तिच्या दाराचा उंबरठा म्हणजे फारोंच्या, म्हणजे प्राचीन राजांच्या काळातली शिळा. वाकून बघितलं तर पायांनी झिजलेल्या दगडावर चित्रलिपीची अक्षरं अजून दिसतात. मी तशी वाकलेली असताना मागून डोक्यावर पावांची भलीमोठी फळी तोलत एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, आणि मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. हीच तुमची 'कटकट'. पण म्युझियममध्ये काचेआड ठेवलेली शिळा बघताना मला एवढी मजा कधी आलेली नाही.

आपल्याकडेही दिल्लीहून गाडी करून लोक येतात, किल्ला बघतात आणि लष्करच्या महाराज बाड्याच्या चौकात पाय न ठेवता संध्याकाळी परत जातात. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये छावणी टाकली त्यातून आपलं लष्कर वसलं, याचा त्यांना पत्ताही नसतो. अशांना तुम्हीच नावं ठेवता की नाही?

हॉर्नचं म्हणाल, तर दिवाळीत आपल्या टोपी बाजारातून स्कूटर काढणाऱ्या माणसाने ही तक्रार करू नये. आणि कैरोत मेट्रो आहे, 1987 पासून, बायकांसाठी वेगळे डबे असलेली. मात्र 'गिझा' नावाच्या स्टेशनावर उतरून पिरॅमिड शोधू नका, ते तिथून बरेच लांब आहेत. पुढे टॅक्सी करावीच लागते.

लक्झर साडेसहाशे किलोमीटरवर आहे. कर्नाकचं मंदिर आणि राजांची दरी हा वेगळाच प्रवास, तो कैरोच्या दोन दिवसांतून वेळ चोरून होत नाही. उंटवाल्यांबद्दल मी मवाळ लिहिलं, हेही तुम्हाला खटकलं. भाव आधी ठरवा आणि उतरवायचे पैसेही त्यातच धरा, इतकं मी लिहिलंच होतं. त्यापुढे जाऊन अख्ख्या शहराला लबाड म्हणणं मला जमणार नाही.

तुमचा मुलगा आणि सूनबाई जानेवारीत जाताहेत म्हणालात, त्यांच्यासाठी एवढंच. नवं मोठं म्युझियम गिझाच्याच बाजूला आहे, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं आणि फारो तुतनखामुनचा खजिना आता तिथे आहे, तेव्हा ते आणि पिरॅमिड एकाच दिवशी करावं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून सक्कारा आणि दहशूर, ही पिरॅमिडांचीच आणखी दोन ठिकाणं. दहशूरचा तो मध्येच उतार बदललेला वाकडा पिरॅमिड अजिबात चुकवू नये, कारण त्याचं आवरण बरंचसं जागेवर आहे. गिझात जे दिसत नाही ते तिथे दिसतं. परत आल्यावर दुपारनंतर गमालियाला जावं. फक्त शुक्रवार टाळायला सांगा, दुपारच्या नमाजाला त्या गल्ल्यांत तुडुंब गर्दी असते.