कोर्स इंग्लिशमध्ये आहे म्हणे, जर्मन लागतच नाही म्हणे!

"अरे जर्मनीत मास्टर्स इंग्लिशमध्ये असतं, जर्मन नाही आलं तरी चालतं" असं ज्याने ज्याने सांगितलं ना त्या सगळ्यांना एकदा इथल्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या राहण्याच्या परमिटचं सरकारी ऑफिस असतं ना, तिथे उभं करायला पाहिजे, पहिला नंबर आमच्या पुण्याच्या कन्सल्टंटचा. कोर्स आहे हो इंग्लिशमध्ये. पण घराचा करार जर्मन, इन्शुरन्सची पत्रं जर्मन, परमिट वाढवायचा फॉर्म जर्मन, आणि सगळं पोस्टाने, एकेक वाक्य पाच-पाच ओळींचं, क्रियापद सापडेपर्यंत चहा गार!

परवा त्या ऑफिसात मी माझ्या मोडक्या ए-टू, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीच्या जर्मनमध्ये सुरुवात केली, मध्येच अडकलो म्हणून इंग्लिशवर आलो, तर बाई म्हणतात इथली कामकाजाची भाषा जर्मन आहे. आणि हे सुनावलं कशात तर खणखणीत इंग्लिशमध्ये! कायद्यात तसंच लिहिलंय, मान्य, पण मग वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला अडकवून बाहेरची पोरं बोलावता कशाला? परमिट संपायच्या आत अर्ज टाकला की निकाल लागेपर्यंत राहता येतं, काम पण करता येतं, पण तसा कागद ते देईनात आणि कागदाशिवाय वेअरहाऊसचा मॅनेजर शिफ्ट देईना. खायचं काय, माती?

वर आपलेच लोक ज्ञान देतात, "जर्मन शिक ना मग". अहो शिकतोच आहे! दिवसभर लॅब, मग मिळाली तर शिफ्ट, कारण अकाउंटमधून महिन्याला सुटतात ९९२ आणि त्यातले निम्मे भाड्यातच जातात, आणि रात्री डोळे मिटत असताना डेर-डी-डास, म्हणजे कुठल्या नामाचं लिंग कुठलं त्याची घोकंपट्टी. बरं बोलायला जावं तर बेकरीतली पोरगी माझा उच्चार ऐकून लगेच इंग्लिश सुरू करते. म्हणजे ब्रेड घ्यायला इंग्लिश चालतं, परमिटला नाही.

ग्रुप प्रोजेक्टची तर वेगळीच तऱ्हा. चौघं जर्मनमध्ये अर्धा तास तावातावाने बोलणार, हसणार, मग एक जण माझ्याकडे वळून म्हणणार "वी डिसायडेड ऑप्शन टू". अरे वन काय होता ते तरी सांगा!! आणि शेवटी प्रोफेसर मलाच विचारणार, यू आर व्हेरी क्वाएट.

आता पुढच्या अपॉइंटमेंटला एका जर्मन मित्राला हातापाया पडून सोबत नेतोय. त्याला त्या ऑफिसचं पत्र वाचायला दिलं तर दोनदा वाचून म्हणतो, यातलं निम्मं मलाही नाही कळलं.