जग सावरायची वाट पाहत बसू नका

यंदा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण भावंडांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. लांब झाली आहे, सवडीने वाचा.

निकाल लागले की मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याच संदेशांवर एकच वचन असतं, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं परमेश्वर सांगतो ते. मलाही ते जिवापाड प्रिय आहे. पण ते एकटंच उचलून कोणाच्या हातात ठेवलं की पुढे अडचण होते. अर्जांना उत्तर येत नाही, घरात आजारपण निघतं, बातम्या उघडाव्यात तर युद्ध. मग तेच वचन टोचायला लागतं, कुठे आहेत ते हिताचे संकल्प? म्हणून मला वाटतं, पदवीच्या दिवशी हे वचन द्यायचंच असेल तर अख्खं पत्र द्यावं. कारण हे वाक्य एका पत्रातलं आहे, आणि ज्यांचं होतं नव्हतं ते गेलं होतं अशा लोकांना ते पत्र लिहिलेलं आहे.

इ.स.पू. ५९७. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेम घेतलं. यहूदाचा राजा यहोयाखीन अवघा १८ वर्षांचा, गादीवर बसून तीन महिने झालेले. त्याला, त्याच्या आईला, सरदारांना आणि त्यांच्याबरोबर शहरातल्या कारागिरांना, लोहारांना बंदिवान करून नेलं. बायबलमधल्या दुसऱ्या राजांच्या पुस्तकात ही यादी आहे, ती सावकाश वाचा. अगदी गरीब लोक तेवढे मागे ठेवले. ज्यांच्या हातात कसब होतं ते नेले. काहीतरी शिकलेली, आयुष्याचा काही एक आराखडा मनात असलेली ही माणसं परक्या देशात, परक्या भाषेत येऊन पडली. यिर्मया मागे यरुशलेमेतच होता. तिथून त्यानं त्यांना लिहिलं.

तुम्हाला त्यांची अवस्था समजायला फार कल्पना लढवावी लागणार नाही. २०२० मध्ये तुमच्यातले बहुतेक जण शाळेत होते. शाळा बंद झाली, आणि कितीतरी घरांतली माणसं अशी गेली की त्यांच्या अंत्यविधीलाही नीट उभं राहता आलं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि ज्या कामासाठी तुम्ही शिकत होता ते काम पुढे माणसाकडे राहील का, हा प्रश्न वर्गात येऊन बसला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून गाझा. हे सगळं तुम्ही अभ्यास करता करता, हातातल्या फोनवर पाहिलं आहे. मोठी माणसं म्हणतात, आमच्याही वेळी कठीण होतं. होतं, खरंच होतं. पण त्यानं तुमची काळजी मिटत नाही. तुम्हाला भीती वाटते म्हणजे तुमचा विश्वास कमी आहे, असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. धरून दिला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता.

आता पत्राच्या आधी काय घडलं ते पाहू, कारण त्याशिवाय पत्र कळत नाही. हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, मंदिराची पात्रं परत येतील, धरून नेलेले लोक परत येतील. लोकांना हे ऐकायचंच होतं. यिर्मया म्हणाला, आमेन, परमेश्वर तसं करो. पण तसं होणार नव्हतं आणि हनन्याला ते सांगायला परमेश्वरानं पाठवलंच नव्हतं.

हनन्याचा आवाज आजही आपल्या सभांमधून ऐकू येतो. हे तुझ्या विजयाचं वर्ष आहे, या महिन्यात दार उघडणार, मोठ्यानं आमेन म्हण. ज्या मुलीला चार महिन्यांत चार ठिकाणांहून नकार आलेत, ती हे ऐकून घरी जाते आणि स्वतःलाच दोष देते, माझ्याच प्रार्थनेत काही कमी असेल. हे मला फार दुखतं. देवाच्या नावानं तारीख देण्याचा हक्क कोणालाही नाही. आणि याच्या अगदी उलट टोकाचाही एक आवाज आहे. शेवटचा काळ आला, आता शिक्षण कशाला, करिअर कशाला, असं सांगणारे व्हिडिओ रात्री दोनला बघत बसलेली मुलं मला माहीत आहेत. थेस्सलनीकाच्या मंडळीतही काही जण कामधंदा सोडून रिकामे फिरत होते. प्रेषित पौलानं त्यांना बजावलं, निमूटपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. प्रभू येणार आहे यावर पौलाचा विश्वास कोणाहून कमी नव्हता, आणि तो तंबू बनवून पोट भरत होता.

यिर्मयाचं पत्र या दोन्ही आवाजांना उत्तर देतं. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलं आहे त्याच्या शांतीसाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितातच तुमचं हित आहे. ते नगर म्हणजे बाबेल, ज्यानं त्यांना देशोधडीला लावलं तेच. हे सगळं सांगून झाल्यावर पुढे येतं, ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि मग, त्यानंतर, अकरावं वचन. ज्या प्रौढ माणसानं हे पत्र ऐकलं त्यानं हिशेब केला असेल, तर त्याला तिथंच कळलं असेल की परत जाणं आपल्या नशिबी नाही. तरीही त्याला सांगितलं होतं, झाड लाव.

तरुणांच्या अभ्यास गटात मी शिकवते. तिथं एकानं मला विचारलं, ताई, अशा जगात लग्न करावं का, मूल आणावं का? चेष्टेत नव्हता विचारत. मी त्याला हेच पत्र वाचायला दिलं. त्याचबरोबर हेही सांगितलं की हे पत्र लिहिणाऱ्या यिर्मयाला मात्र परमेश्वरानं लग्न करू नको असं सांगितलं होतं. म्हणजे सगळ्यांना एकच साचा नाही. कोणी संसार मांडेल, कोणी एकटं राहून सेवा करेल. पण जगाची हालत बघून आयुष्यच पुढे ढकलायचं, हे देवाच्या मनात नाही.

यिर्मयानं हे नुसतं लिहिलं नाही, स्वतः केलं. दहाएक वर्षांनी यरुशलेमेला पुन्हा वेढा पडला. शहर पडणार हे तो उघड सांगत होता आणि त्याच गुन्ह्यासाठी पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तिथं त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. तो सगळा मुलूख शत्रूच्या फौजेच्या हातात. ते शेत घेण्यात व्यवहाराच्या दृष्टीनं काडीचा अर्थ नव्हता. यिर्मयानं १७ शेकेल वजनाची चांदी तोलून दिली, साक्षीदार बोलावले, खरेदीखत केलं, त्यावर शिक्का मारला आणि मोहरबंद नि उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. कारण परमेश्वर म्हणाला होता, या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील.

डीट्रिख बोनहोफर हे जर्मन पाळक हिटलरच्या विरोधात उभे राहिले म्हणून एप्रिल १९४३ मध्ये कैदेत गेले. त्याच्या तीनच महिने आधी त्यांचं लग्न ठरलं होतं. तुरुंगातून होणाऱ्या पत्नीला लिहिताना त्यांनी यिर्मयाची हीच गोष्ट काढली आणि लिहिलं की आपलं लग्न म्हणजे देवाच्या पृथ्वीला दिलेला होकार असावा. ते लग्न झालं नाही. ९ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, त्यांना फाशी दिली. मग तो होकार वाया गेला का? मला तसं वाटत नाही, आणि का ते पुढे सांगते.

मातीच्या भांड्यात ते खरेदीखत ठेवणाऱ्याचं नाव बारूख. त्याच्याविषयी आपल्याकडे फार प्रवचनं होत नाहीत, पण तुमच्या वयाच्या मुलांना मी त्याचीच ओळख आधी करून देईन. शिकलेला लेखक, चांगल्या घरातला. त्याचा भाऊ सराया पुढे सिद्कीया राजाच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर होता. बारूख मात्र राजदरबाराला नकोशा झालेल्या संदेष्ट्याचं बोलणं लिहून घेत बसलेला. ज्यांच्या घरात एक यशस्वी भावंड आहे त्यांना यातलं दुखणं सांगायला नको. तो कण्हून म्हणतो, मी उसासे टाकून थकलो, मला चैन नाही. आणि परमेश्वर त्याला म्हणतो, तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टींची इच्छा धरतोस काय? धरू नकोस. मी सगळ्यांवर अरिष्ट आणतो आहे, पण तू जिथं जिथं जाशील तिथं तुझा जीव मी राखीन.

पहिल्यांदा वाचताना हे कठोर वाटतं. तरुणाला असं कोणी बोलतं का? पण बारूखच्या बाबतीत काय घडलं ते पाहा. त्यानं यिर्मयाच्या वचनांची अख्खी गुंडाळी शाईनं लिहून काढली, मंदिरात वाचून दाखवली. ती राजवाड्यात गेली. यहुद्यांच्या पंचांगातला नववा महिना, थंडी. यहोयाखीनाचा बाप यहोयाकीम तेव्हा राजा, तो शेगडीसमोर बसलेला. यहूदी नावाचा सेवक तीन-चार रकाने वाचायचा आणि राजा तेवढा भाग लेखकाच्या चाकूनं कापून विस्तवात टाकायचा. असं करत करत सगळी गुंडाळी जळून गेली. ती लिहायला किती दिवस गेले असतील! तुमच्या एखाद्या मेहनतीच्या कामाचं कोणी न वाचता मातेरं केलं असेल तर तो विस्तव तुम्हाला दिसेल. पुढे शास्त्रात एकच वाक्य आहे. यिर्मयानं दुसरी गुंडाळी घेतली, बारूखनं ती सारी वचनं पुन्हा लिहिली आणि तशाच आणखी पुष्कळ वचनांची त्यांत भर पडली. आज यिर्मयाची वचनं आपल्या हातात आहेत त्यात बारूखच्या लेखणीचे कष्ट आहेत. आपलं काम इतकं टिकेल हे त्याला त्या दिवशी कोण सांगणार होतं?

मोठ्या गोष्टी मागू नकोस म्हणजे क्षुद्र राहा, असा याचा अर्थ मी घेत नाही. मोठं व्हायचं ओझं तुझ्या खांद्यावर नाही, समोरचं पान लिही. तुमच्या पिढीवर हे ओझं फार आहे. पंचविशीच्या आत काहीतरी करून दाखवलं पाहिजे, जग बदललं पाहिजे, निदान इतरांच्या फोटोंइतकं तरी आपलं आयुष्य दिसलं पाहिजे. ते ओझं देवानं दिलेलं नाही. पहिली नोकरी लहान असली, शिक्षणाशी तिचा मेळ नसला, तरी तिथं खोटं बिल न बनवणारा, नव्या माणसाला काम शिकवणारा, कोणाच्या पाठीमागे त्याची नालस्ती न करणारा एक जण असणं, यालाच मी नगराच्या शांतीसाठी झटणं म्हणते.

पंडिता रमाबाईंना आपण सगळे मानतो. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पंचविशीच्या आत एवढं सगळं, आणि पदरी तान्ही मुलगी. त्या काळी जगावर रुसायला त्यांच्याइतकी कारणं क्वचितच कोणाला असतील. त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. त्यांना जेवू घातलं, लिहायला शिकवलं, छापखान्याचं काम शिकवलं. मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.

आता बोनहोफरांविषयी राहिलेलं. पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पुनरुत्थानावर लिहिला आहे. ख्रिस्त खरोखर उठला, हे तो साक्षीदारांची नावं घेऊन सांगतो. इतकं सगळं सांगून झाल्यावर शेवट कशानं करतो? म्हणून कामात स्थिर राहा, कारण प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. कबर रिकामी आहे म्हणून सोमवार सकाळच्या कामाला अर्थ आहे. माझी सगळी आशा या एका गोष्टीवर उभी आहे. ख्रिस्त उठला नसता तर मीही तुम्हाला म्हटलं असतं, जमेल तेवढं सांभाळून घ्या. पण तो उठला. त्यामुळे जळालेली गुंडाळी, न झालेलं लग्न, फळ न पाहिलेलं झाड, यातलं काहीही त्याच्या हातातून निसटत नाही. धरून देण्यात आलेल्या रात्री तो शिष्यांना म्हणाला, जगात तुम्हाला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे. क्लेश त्यानं लपवले नाहीत. दोन वर्षांची मुदतही दिली नाही.

माझ्या वयाच्या विश्वासी मंडळींशी थोडं बोलायचं आहे. या मुलांना भेटल्यावर आपला पहिला प्रश्न पगाराचा किंवा लग्नाचा असू नये. ज्याला अजून काम मिळालेलं नाही तो मुलगा उपासना संपताच मागच्या दारानं निघून जातो, कारण हेच प्रश्न त्याला टाळायचे असतात. त्याच्याबरोबर बसा. तुमच्या ऑफिसात कोणाला ओळखत असाल तर एक फोन करा. अर्ज वाचून द्या. मुलाखतीच्या दिवशी त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा आणि संध्याकाळी काय झालं ते विचारा, नकार आला असला तरी विचारा.

आणि मुलांनो, ज्यांना अर्ज किंवा बायोडेटा तपासून हवा असेल त्यांनी मला मेसेज करा, मी आणि आमच्या मंडळीतले दोघे-तिघे मिळून हे काम करायला बसतो आहोत. प्रार्थनेचा विषय सगळ्यांसमोर लिहायचा नसेल तर तोही मेसेजमध्येच लिहा. उत्तर यायला दोन दिवस लागले तर रागावू नका, पण उत्तर येईल.