‘फुकटचे बारा हजार’ जातात कुणाच्या खात्यात?

शेतकरी सन्मान निधीचा हप्ता जमा झाला की एक मेसेज फिरायला लागतो. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो या वेळी तीनदा आला. म्हणणं एवढंच: शेतकऱ्याला वर्षाला बारा हजार फुकट मिळतात, वर खतही स्वस्त, कर तो एक रुपया भरत नाही, आणि पैसे लाटतात ते बंगलेवाले बागायतदार.

आधी कराचं बघू. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, खरंय. पण कृषी केंद्रात फवारणीचं रासायनिक औषध घेतलं की त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. व्यापारी आपण भरलेला जीएसटी पुढच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. कपाशीवर हंगामात कर सोडून दहा हजारांची औषधं मारली तर 1,800 रुपये कर गेला. सन्मान निधीचा एक हप्ता 2,000 रुपयांचा असतो! डिझेलवरचा कर तर मी अजून धरलेलाच नाही.

बारा हजारांत सहा केंद्राचे, सहा राज्याच्या नमो योजनेचे. केंद्राची रक्कम 2019 पासून आहे तेवढीच आहे. दोन्ही मिळून दिवसाला 33 रुपये पडतात, तेही माणशी नाही, अख्ख्या कुटुंबाला. नवरा-बायको दोघांच्या नावावर रान असलं तरी लाभ एकालाच.

खताचं अनुदान कंपनीला जातं, शेतकऱ्याला 45 किलो युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. हा फायदा आहेच, नाकारत नाही. पण शहरात कांदा महागू नये म्हणून डिसेंबर 2023 ते मे 2024 निर्यात बंद ठेवली, तेव्हा पडलेल्या भावाचा तोटा कुणी सोसला? तो या हिशेबात कुठंच नाही.

राहिले बंगलेवाले. आयकर भरणारे, डॉक्टर-वकील, चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी नोकर, महिन्याला दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे, हे सगळे नियमानंच बाद आहेत. तरीही काहींनी पैसे उचलले. त्यांच्याकडून पै न् पै वसूल व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हे पैसे सातबारा बघून मिळतात. आमच्या मराठवाड्यात कित्येक जण दुसऱ्याचं रान बटईनं (पिकाच्या वाट्यावर), ठोक्यानं (ठरलेली रक्कम देऊन) करतात. बियाणं, मजुरी, फवारणी सगळं त्यांचं, पण सातबारा मालकाचा, म्हणून हप्ताही मालकाला. 1 फेब्रुवारी 2019 नंतर पोटाला चिमटा घेऊन एकर-दोन एकर विकत घेतलं असेल, तरी लाभ नाही. वारशानं आलेली जमीन तेवढी चालते.

माझी चुलती अशीच वारस. चुलते गेल्यावर फेरफार, आधार, बँक खातं असं एकेक जुळवत ती केवायसीपर्यंत, म्हणजे ओळख पटवण्यापर्यंत पोचली. सेवा केंद्रावर चार वेळा अंगठा ठेवला, मशीननं घेतला नाही. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेघाच झिजल्यात. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. येताना रस्त्यात म्हणाली, “पैसे आले की आधी मेडिकलची उधारी देऊ रे. तुझ्या काकांच्या गोळ्यांची राहिलीय.”