सेलोटेप लावलेल्या पानाविषयी

तुमचा राग मी समजू शकतो. फाटलेलं पान तुम्ही घरी सेलोटेपने नीट जोडलंत, परत करताना आपणहून दाखवलंत आणि ग्रंथालयाने उलट दंड घेतला. त्यात मी लेखात ‘पुस्तक घरी दुरुस्त करू नका’ असं लिहून त्यांचीच री ओढली. शिवाय ‘ही मंडळी दुरुस्ती कसली करतात, सरळ रद्दीत काढतात’ असंही तुम्ही म्हटलंय.

दंडाचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. खरं सांगणाऱ्यालाच भुर्दंड पडला, तर पुढचा वाचक फाटकं पान गुपचूप मिटून पुस्तक ठेवून जाईल. हे लेखात यायलाच हवं होतं.

सेलोटेपबद्दल मात्र मी शब्द मागे घेणार नाही. मी काही वर्षं ग्रंथालयात दुरुस्तीच्या टेबलावर काम केलंय. जुन्या टेपची वरची फिल्म वाळून आपोआप सुटते, पण तिचा चिकट थर तोवर कागदात मुरलेला असतो. तिथे पिवळट, तेलकट डाग पडतो. ओढून काढावी तर छापील अक्षरांचा पापुद्राच तिच्याबरोबर येतो. एकदा पाऊण तास खपूनही माझ्या हातून दोन ओळी गेल्या, ते अजून डाचतं. तीच फाट जपानी टिश्यू (पातळ, पण लांब तंतूंचा चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून जोडतात. टिश्यू कात्रीने कापत नाहीत. पाण्याची रेघ ओढून अलगद फाडतात, म्हणजे कडेचे सुटे तंतू कागदाला धरून बसतात. आणि उद्या काढायची वेळ आली, तर ओल्या बोळ्याने ती सुटते.

रद्दीचं म्हणाल, तर बुरशी धरलेलं पुस्तक आधी वेगळं काढावंच लागतं, नाहीतर शेजारच्या पुस्तकांनाही लागण होते. ब्लेडने कापलेल्या पानाची झेरॉक्स दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून आत चिकटवता येते. सहज मिळणारी प्रत बाद करून नवी घेणं मला गैर वाटत नाही. दुर्मीळ पुस्तक मात्र फाटकं असलं तरी खोक्यात जपायलाच हवं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात एका माणसाने ६०० हून अधिक पुस्तकं कापून टाकली होती, त्यांतली बरीचशी समलिंगी विषयांवरची. दुरुस्तीपलीकडे गेलेली पुस्तकं रद्दीत न घालता ग्रंथालयाने कलावंतांना दिली आणि २००४ मध्ये त्यांतून घडलेल्या कलाकृतींचं प्रदर्शन भरवलं.

पुढच्या वेळी पान फाटलं, तर सुटा तुकडा पाकिटात घालून त्याच पानाशी ठेवा आणि देवघेवीच्या टेबलावर सांगा. कितीही लहान तुकडा असला तरी टाकू नका.