स्कोपखालची पत्ती की फिरता स्क्रू : एका आक्षेपाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

लांब पल्ल्याच्या एअरगनसाठी मी आखलेल्या, मागची बाजू उचलता येणाऱ्या स्कोप माउंटवर, म्हणजे नेमाची दुर्बीण रिंगांनी बंदुकीवर धरणाऱ्या पायावर, आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मागच्या रिंगखाली शीतपेयाच्या डब्याची पत्ती घातली की काम भागते, सांधे वाढले की प्ले, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, वाढतो, आणि ॲल्युमिनियममधला पोलादी स्क्रू नाशिकच्या पहाटेच्या थंडीत आणि दुपारच्या उन्हात वेगवेगळा वागेल. सातपूरच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाचे हे आक्षेप असल्याने त्यांना आकड्यांनिशीच उत्तर द्यायला हवे.

डब्याची पत्ती साधारण ०.१ मिमी जाडीची असते. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर धरले, तर एका पत्तीने १०० मीटरवर १० सेंमी फरक पडतो. ४.५ मिमीचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला तरी तेवढ्या अंतरात एक मीटरहून अधिक खाली येतो, आणि एकूण ६० एमओए (कोनाचे माप, एका अंशाचा साठावा भाग) फिरणारा स्कोप मध्यापासून वर ३० एमओए, म्हणजे जेमतेम ८७ सेंमी देतो. ही तूट भरायला पत्त्यांवर पत्त्या रचाव्या लागतात. मग दोन्ही रिंगा एका रेषेत राहत नाहीत आणि स्क्रू आवळले की वाकते ती स्कोपची नळी. माझ्या जुन्या स्कोपवर रिंगेच्या कडेचा चंद्रकोरीसारखा ओरखडा आजही आहे.

तापमानाचे भय मात्र दिसते तेवढे मोठे नाही. माउंटचे पुढचे-मागचे भाग एकाच धातूचे आहेत, त्यामुळे फरक पडतो तो उचलणाऱ्या स्क्रूवरच्या दोन आट्यांमधल्या १२ मिमी पोलादी लांबीपुरता. २५ अंशांच्या चढउतारात तो १०० मीटरवर साडेतीन मिमीच्या आत राहतो, म्हणजे स्कोपच्या गुंडीच्या पाव एमओएच्या एका क्लिकच्या निम्म्याहूनही कमी. गंगापूर धरणाच्या बाजूने वारा सुटला की छर्रा याच्या कितीतरी पट बाजूला जातो.

सांध्यांबाबत मात्र आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. स्क्रूवर एम ६ चे १ मिमी पिचचे (एका फेऱ्यात १ मिमी सरकणारे) आणि एम ५ चे ०.८ मिमी पिचचे आटे एकाच दिशेने पाडलेले आहेत, म्हणून एका फेऱ्याला मागची बाजू फक्त ०.२ मिमी उचलली जाते. बिजागरीपासून स्क्रूपर्यंत १०० मिमी अंतर आणि गुंडीवर २० खुणा, त्यामुळे एक खूण म्हणजे १०० मीटरवर १ सेंमी. कागदावर हे सुरेख दिसत होते. डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून वरचा लॉक बोल्ट आवळला, तेव्हा काटा तीन घरे सरकला, म्हणजे तीन सेंमी गेले. चूक माझीच होती, कारण बोल्टचा दाब ज्या दिशेने माप हलते त्याच दिशेने येत होता. आता तो बोल्ट काढून बिजागरीच्या पिनला समांतर, आडवा चिमटा दिला आहे आणि स्क्रूखाली बशीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर घालून आटे कायम एकाच अंगाला दाबून ठेवले आहेत.

एक मर्यादा आधीच लिहायला हवी होती. हे माउंट पीसीपीसाठीच, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअरगनसाठीच आहे. स्प्रिंग-पिस्टन बंदुकीचा झटका मागे आणि पुढे असा दुहेरी बसतो, तो ही बिजागरी किती दिवस सोसेल याची खात्री मी आज देऊ शकत नाही. तिथे पाया एकसंध आणि कोन ठरावीकच असावा.

नवा नग आपल्या डायलखाली ठेवायला मी येत्या रविवारी घेऊन येऊ शकतो, फक्त वेळ कळवावी.