क्लेमोच्या डायऱ्या आपण का वाचाव्यात : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॉर्नवॉलचा कवी आणि कादंबरीकार जॅक क्लेमो याच्या एक्सेटर विद्यापीठात जतन केलेल्या कागदपत्रांवर मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : श्रद्धाळू माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या डायऱ्या आणि पत्रे चाळणे म्हणजे दाराच्या फटीतून डोकावणे होय, तुकोबांची वही इंद्रायणीत गेली तरी अभंग उरलेच, तेव्हा कवितेला कागदपत्रांच्या साक्षीची गरज नसते, आणि ‘डायरीतला क्लेमो खरा, छापील क्लेमो बेतलेला’ हे माझे वाक्य अन्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. वाक्य चटपटीत झाले म्हणून ते राहिले, आणि लिहिणाऱ्याने सर्वांत आधी संशय घ्यावा तो अशाच वाक्यांचा. ते मी काढून टाकले आहे.

तुकोबांचा दाखला मात्र आपल्या बाजूने उभा राहील असे मला वाटत नाही. अभंग तरले ते लोकांच्या मुखी होते म्हणून, हे खरेच. पण ते उतरवून ठेवणारेही होते, आणि संताजी जगनाडे यांच्या वह्या वि. ल. भावे यांनी छापल्या तेव्हा कुणी त्याला डोकावणे म्हटले नाही. क्लेमोच्या मागे तर दिंडीही नव्हती. सेंट ऑस्टलजवळच्या गूनामॅरिस या वस्तीत, चिनी मातीच्या खाणी आणि त्यांच्या पांढऱ्या ढिगाऱ्यांच्या मधोमध, 1916 साली तो जन्मला. वडील पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेले ते परतले नाहीत. डोळ्यांच्या दुखण्याने शाळा तेराव्या वर्षाच्या सुमारास सुटली, विशीत ऐकू येईनासे झाले आणि 1955 च्या सुमारास दृष्टीही पूर्ण गेली. अशा माणसाचे बोलणे कागदावर राहिले नाही, तर ते कुठेच राहत नाही.

यातला एक तपशील मी लेखात घाईने उरकला होता. आई एवलिन त्याच्याशी बोलायची ती त्याच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढून. हे कसे वाटत असेल ते पाहावे म्हणून मी डोळे मिटून हात पुढे केला आणि बहिणीला काहीतरी लिहायला सांगितले. ‘घर’ आणि ‘धर’ यांत मला काही फरक कळला नाही. काना मागच्या अक्षराचा की नव्या अक्षराची सुरुवात, हेही कळेना, आणि चौथ्या शब्दाला पहिला विसरलो. रोमन मोठी अक्षरे सुटी असल्यामुळे ते थोडे सोपे जात असेल. तरीही दृष्टी गेल्यानंतर त्याला आलेले पत्र बहुतांशी असेच, आधी आईच्या डोळ्यांखालून आणि मग तिच्या बोटातून, त्याच्यापर्यंत पोहोचत असणार. ज्या घरात मुलाला आलेले प्रेमाचे पत्रसुद्धा आईनेच वाचून दाखवायचे, तिथे ‘खासगी’ या शब्दाचा आपल्या मनातला अर्थ कितपत लागू पडतो, याचा विचार करावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. आपले लग्न होईल, ते देवाच्याच योजनेत आहे, अशी क्लेमोची तरुणपणापासून धारणा होती, आणि ती त्याने लपवून ठेवली नाही. 1948 च्या ‘वाइल्डिंग ग्राफ्ट’ या कादंबरीचा नायक खाणीच्या मुलखात अशाच नेमलेल्या प्रेमाची वाट पाहतो. पुढच्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात तीच श्रद्धा लेखकाने स्वतःच्या नावावर मांडली. ईश्वर मातीच्या खाणीत, यंत्रांच्या खडखडाटात भेटतो, पण निसर्गाच्या गोडव्यात नाही, असे म्हणणारी त्याची कविता याच श्रद्धेच्या कडक बाजूची आहे. रूथ पीटीशी त्याचे लग्न झाले ते 1968 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि त्याची हकिकत सांगणारे दुसरे आत्मचरित्र 1980 साली आले. म्हणजे आपले खासगी आयुष्य पुरावा म्हणून वाचकांपुढे त्यानेच ठेवले. दोन छापील पुस्तकांमध्ये एकतीस वर्षे आहेत. पहिल्यात आशा आहे, दुसऱ्यात फळ मिळाल्यानंतरची नजर आहे. वाट पाहण्याच्या वर्षांतली, उद्या काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेली नोंद डायरीतच सापडते. फळ पदरात पडल्यावर वाट पाहण्याची हकिकत कोणीही नीटनेटकी सांगतो, त्यात लबाडी असतेच असे नाही. पण श्रद्धेची कसोटी अधल्यामधल्या दिवसांत लागते, आणि क्लेमोची कविता मला त्या दिवसांच्या शेजारी ठेवून वाचायची आहे. आपण याला डोकावणे म्हणता. मला तर त्याने स्वतः दिलेली साक्ष पुरी ऐकून घेणे वाटते.

एका ठिकाणी मात्र आपला आक्षेप टिकतो, आणि तो मला आधीच सुचायला हवा होता. 1968 पूर्वी ज्या स्त्रियांशी त्याचा पत्रव्यवहार झाला, त्यांनी कसलीही साक्ष द्यायचे कबूल केले नव्हते. क्लेमोच्या श्रद्धेची गोष्ट त्यांच्या नावांवाचूनही सांगता येते, म्हणून ती नावे मी लेखातून काढली आहेत. रूथचे नाव ठेवले आहे.