‘५०-०’ हा पुरावा किती भक्कम?

मुष्टियुद्धातला सर्वश्रेष्ठ कोण, अशी चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. तो साधारण असा: फ्लॉइड मेवेदर ५० लढती लढला आणि ५० जिंकला, रॉकी मार्सियानोचा ४९-० हा विक्रम त्याने मागे टाकला, मुहम्मद अली ५ वेळा आणि शुगर रे रॉबिन्सन तर १९ वेळा हरला, मेवेदरने ५ वजनगटांत जगज्जेतेपदे मिळवली, जुन्या मंडळींना एक-दोनच मिळाली, शिवाय आजच्या खेळाडूंची तयारी शास्त्रशुद्ध असते, जुने त्यांच्यापुढे टिकलेच नसते, सबब मेवेदर हाच सर्वकालीन सर्वश्रेष्ठ. यातले आकडे बहुतेक बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र एकेक मुद्दा तपासू लागताच निखळू लागतो.

मेवेदरला कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. डावा खांदा हनुवटीपर्यंत उचलायचा, डावा हात पोटावर आडवा धरायचा, समोरच्याचा उजवा ठोसा खांद्यावरून घसरू द्यायचा आणि त्याच झोक्यात आपला उजवा हात सोडायचा, ही बचावाची पद्धत त्याच्याआधीही होती. पण त्याच्याइतक्या सफाईने ती वापरणारे फार थोडे झाले. मे २०१५ मध्ये मॅनी पॅक्वियावविरुद्धची लढत आपल्याकडे रविवारी सकाळी चहा घेता घेता पाहिलेल्या अनेकांना ती कंटाळवाणी वाटली. मला वाटली नाही, कारण पॅक्वियावसारख्या वेगवान माणसाला बारा फेऱ्या हवेत हात मारायला लावणे हे कौशल्यच आहे. प्रश्न कौशल्याचा नसून ‘शून्या’वर टाकलेल्या भाराचा आहे.

पहिला मुद्दा ५०-० या आकड्याचा. थायलंडचा वानहेंग मेनायोथिन मे २०१८ मध्ये ५०-० वर पोहोचला आणि पुढे ५४-० पर्यंत गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो पहिल्यांदा हरला. मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ १९९३ मध्ये पर्नेल व्हिटेकरशी बरोबरीत सुटला तेव्हा त्याच्या नावावर ८७ विजय होते आणि पराभव एकही नव्हता. वानहेंगला कोणी सर्वकालीन श्रेष्ठ म्हणत नाही, कारण त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी फारसे नावाजलेले नव्हते. म्हणजे हा दावा करणारेही प्रसंगी आकड्यामागे जाऊन समोर कोण होते हे पाहतातच. मग तीच चाळणी मेवेदरलाही लावायला हवी. ज्या पन्नासाव्या विजयाने मार्सियानोचा विक्रम मोडला, तो ऑगस्ट २०१७ मधला विजय कॉनर मॅकग्रेगरवरचा होता, आणि मॅकग्रेगरची व्यावसायिक मुष्टियुद्धातली ती पहिलीच लढत होती. मार्सियानोच्या एकोणपन्नासाव्या लढतीत, सप्टेंबर १९५५ मध्ये, समोर आर्ची मूर होता: लाइट हेवीवेट गटाचा तेव्हाचा जगज्जेता, ज्याने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडले होते. विक्रमाच्या तक्त्यात या दोन्ही विजयांचे वजन सारखेच धरले जाते.

शून्य तीन परीक्षकांच्या लेखणीवरही अवलंबून असते, हे आणखी एक. एप्रिल २००२ मध्ये होसे लुईस कास्तियोविरुद्ध तिन्ही परीक्षकांनी मेवेदरला विजयी ठरवले, पण रिंगभोवतीच्या अनेक जाणकारांच्या मते ती लढत कास्तियोने जिंकली होती. डिसेंबरमधली फेरलढत मेवेदरने अधिक स्पष्टपणे जिंकली, त्यामुळे त्याच्या योग्यतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही पहिल्या लढतीत दोन परीक्षकांनी वेगळे गुण दिले असते, तर तोच माणूस त्याच ठोशांनिशी ४९-१ ठरला असता आणि हा सगळा युक्तिवाद जन्मालाच आला नसता.

दुसरा मुद्दा पराभवांचा, आणि इथे थोडे थांबायला हवे. रॉबिन्सन सुमारे २०० लढती लढला. ऑक्टोबर १९४० मध्ये तो व्यावसायिक झाला आणि फेब्रुवारी १९४३ पर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास, त्याने ४० पैकी ४० लढती जिंकल्या होत्या. मेवेदरला ४०-० वर पोहोचायला १९९६ ते २००९ अशी १३ वर्षे लागली. रॉबिन्सनचा पहिला पराभव ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाकडून झाला. लामोटा त्याच्यापेक्षा सुमारे १६ पौंडांनी जड होता. त्यानंतर १९ फेब्रुवारीला रॉबिन्सनने जॅकी विल्सनला हरवले आणि २६ फेब्रुवारीला पुन्हा लामोटासमोर उभे राहून त्यालाही हरवले. तीन आठवड्यांत तीन लढती, त्यांतल्या दोन आपल्याहून जड माणसाशी. याउलट मेवेदरचा चाळिसावा विजय पाहा: हुआन मॅन्युएल मार्केझ त्याच्याशी लढण्यासाठी दोन वजनगट वर चढून आला, आणि ठरलेल्या १४४ पौंडांपेक्षा मेवेदरचेच वजन २ पौंड जास्त भरले, त्यासाठी त्याने मार्केझला ६ लाख डॉलर मोजले. आपल्याकडे जत्रेच्या फडात कुस्तीची जोड कोण लावतो यावर अर्धा निकाल ठरतो, हे जाणणाऱ्याला या फरकाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

लामोटाकडून झालेल्या त्या पराभवानंतर रॉबिन्सन आठ वर्षांहून अधिक काळ, ९१ लढती, हरला नाही. जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनने त्याला हरवले, तेही पॅरिस, बर्लिन, तूरिन अशा शहरांत सात आठवडे लढत फिरल्यानंतर. दोन महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये डोळ्यावर जखम झालेली असताना रॉबिन्सनने टर्पिनविरुद्धची लढत दहाव्या फेरीतच पंचाला थांबवायला लावून मिडलवेट विजेतेपद परत घेतले. तिसरा पराभव २५ जून १९५२ चा. यँकी स्टेडियममध्ये त्या रात्री उष्म्याचा कहर होता, आणि लाइट हेवीवेट जगज्जेता जोई मॅक्सिम रॉबिन्सनपेक्षा सुमारे १५ पौंडांनी जड होता. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीनलाच उष्म्याने उभे राहवेना, म्हणून दुसरा पंच रिंगणात आणावा लागला. रॉबिन्सन तिन्ही परीक्षकांच्या तक्त्यांवर पुढे होता. तेराव्या फेरीत त्याने फिरवलेला ठोसा हुकला आणि तो स्वतःच तोंडावर आपटला. चौदाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्याला स्टुलावरून उठता आले नाही. संपूर्ण कारकिर्दीत तो वेळेआधी थांबवला गेला तो एवढ्या एकाच वेळी. ही लढत १५ फेऱ्यांची होती. मेवेदर ज्या १२ फेऱ्यांच्या नियमाने लढला, त्या नियमाने ती संपली असती तर रॉबिन्सन तिसऱ्या वजनगटाचाही जगज्जेता झाला असता.

उरलेले १६ पराभव त्याने निवृत्तीतून परतल्यावरचे, म्हणजे १९५५ पासूनचे आहेत, आणि त्यांतले १० वयाच्या चाळिशीनंतरचे. त्याच काळात त्याने मिडलवेट विजेतेपद पुनःपुन्हा मिळवले, ही गोष्ट पराभव मोजणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. पैसा हाताशी उरला नव्हता म्हणून तो चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत लढत राहिला. मेवेदर चाळिशीनंतर व्यावसायिक लढत एकच लढला आणि ती मॅकग्रेगरशी. वेळीच थांबणे हा शहाणपणा आहे, व्यवहार म्हणून तो वाखाणण्यासारखाही आहे. पण थांबण्याच्या शहाणपणाला लढण्यातले श्रेष्ठत्व म्हणता येत नाही.

अलीबाबत थोडक्यात. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० असा पंचविशीनंतरचा ऐन उमेदीचा काळ त्याला रिंगणाबाहेर काढावा लागला. फ्रेझर, नॉर्टन आणि स्पिंक्स या तिघांकडून झालेल्या पराभवांची परतफेड त्याने त्याच माणसांना हरवून केली. होम्स आणि बर्बिक यांच्याकडून तो हरला तेव्हा अनुक्रमे ३८ आणि ३९ वर्षांचा होता आणि पूर्वीचा अली उरलेला नव्हता.

तिसरा मुद्दा ५ वजनगटांचा. इथली चूक शुद्ध अंकगणिताची आहे. रॉबिन्सनच्या काळात मान्य वजनगट ८ होते. आज ते १७ आहेत आणि प्रत्येक गटात चार प्रमुख संघटनांचे चार वेगळे जगज्जेते असू शकतात. मेवेदरची पाच पदे १३०, १३५, १४०, १४७ आणि १५४ पौंडांच्या गटांतली आहेत. जुन्या मोजपट्टीवर १३० आणि १३५ दोन्ही लाइटवेटमध्ये जातात, १४० आणि १४७ दोन्ही वेल्टरवेटमध्ये, आणि १५४ मिडलवेटमध्ये. पाचाचे झाले तीन. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३७-३८ मध्ये फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट अशी तीन विजेतेपदे मिळवली आणि ती एकाच वेळी आपल्याकडे ठेवली. पुढे १९४० मध्ये मिडलवेट पदासाठीची त्याची लढत बरोबरीत सुटली. ‘जुन्यांना एक-दोनच मिळाली’ हे म्हणणे म्हणजे घरात मधे भिंती घालून खोल्या दुप्पट केल्यावर घर मोठे झाले असे म्हणण्यासारखे आहे.

चौथा, तयारीचा मुद्दा. आहार, वैद्यकीय मदत आणि प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहण्याची सोय यांत आजचा खेळाडू पुढे आहे, आणि हेवीवेटमध्ये आकाराचा फरकही खरा आहे. सुमारे ८४ किलोचा मार्सियानो आजच्या शंभरी ओलांडलेल्या हेवीवेटांसमोर उभा राहिला तर मीही काळजीत पडेन. पण रॉबिन्सन आणि मेवेदर यांच्या बाबतीत हा मुद्दा लागू पडत नाही, कारण वेल्टरवेटची मर्यादा तेव्हाही १४७ पौंड होती आणि आजही तेवढीच आहे. उलट आज वजन आदल्या दिवशी होते, त्यामुळे रिंगणात उतरेपर्यंत अंगातले पाणी भरून काढायला वेळ मिळतो. तेव्हा ते लढतीच्याच दिवशी व्हायचे.

माझ्यापुरते सांगायचे तर वेल्टरवेटमध्ये मी रॉबिन्सनला पहिला आणि आर्मस्ट्राँगला दुसरा ठेवतो. तिसऱ्या जागी शुगर रे लेनर्ड, कारण बेनितेझ, दुरान, हर्न्स आणि हॅग्लर या चौघांना हरवल्यावर त्याच्या नावापुढचे तीन पराभव मला फारसे दिसत नाहीत. मेवेदर त्यानंतर येतो. पॅक्वियावशी त्याची लढत वाटाघाटी फिसकटल्या त्या २०१० सालीच झाली असती आणि निकाल तोच लागला असता, तर त्याला आणखी वर घेण्याचा विचार मी केला असता.